छत्रीची तीन मतं

गल्लीला एक बाक मिळाला आणि गल्लीची झोप उडाली.

बाक तसा साधाच. लोखंडी पाय, लाकडी पाठ. चार माणसं ऐसपैस बसतील, पाचवं अंग चोरून. नगरपालिकेनं प्रत्येक गल्लीला एकेक वाटला आणि कुठं ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, असं सांगून टेम्पो धूळ उडवत निघून गेला. तेव्हापासून तीन आठवडे तो बाक सुतारकाकांच्या दारात पाय वर करून पडला होता. निम्म्या गल्लीचं म्हणणं, बसथांब्यावर ठेवा, उभं राहून राहून पायांचे खांब झालेत. उरलेल्या निम्म्या गल्लीचं म्हणणं, चहाच्या टपरीसमोर ठेवा, तिथं सावली आहे आणि गप्पांना चव आहे. थांबा आणि टपरी यांच्यात अंतर साठ पावलांचं. पण त्या साठ पावलांत एकमेकांशी बोलणं टाकलेली घरं चार झाली होती.

याच गल्लीत राहायची मशीनताई. खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. निवडणूक कचेरीत ती कंत्राटावर होती आणि मतदान यंत्र कसं चालतं हे चौकाचौकात दाखवणं हे तिचं काम. महिन्याभरावर शहराची निवडणूक आलेली, आणि हवेत एकच कुजबुज: यंत्र मतं खातं. त्या कुजबुजीवर उतारा म्हणून कचेरीनं ताईच्या हाती एक पेटी दिली होती. पेटीत यंत्राचे तीन तुकडे. एक टेबलावरचा, तो ताईच्या ताब्यात. त्यावरचं बटण तिनं दाबलं की एका मताची वाट मोकळी व्हायची. दुसरा पुठ्ठ्याच्या आडोशामागचा, तिथं मतदारानं आपल्या चिन्हासमोर बोट टेकवायचं. दिवा लागायचा, लांब शिट्टीसारखा आवाज व्हायचा. तिसरा काचेचा डोळा असलेला डबा. मत पडलं की काचेआड चिठ्ठी यायची, सात सेकंद तोंड दाखवायची आणि टपकन पोटात जायची.

ताईचं आजोळ जात्यावरच्या गाण्यांचं. ओठांवर ओवी असल्याशिवाय तिचे हात चालायचे नाहीत. मग यंत्राचीही ओवी झाली, आणि भाजी घ्यायला आलेल्या बायका पिशव्या खाली ठेवून ती ऐकू लागल्या:

आधी शून्य दाखवते,
मग पेटी मी लावते,
बोट तुमचं मागते
एकदाच.

सगळं शहर ऐकायचं, फक्त घरातला एक माणूस ऐकायचा नाही. तिचे सासरे, अण्णा. तीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. बाजारात ते शिरले की दुकानदार आपोआप ताठ बसायचे, आणि तराजूसुद्धा ताठ बसायचे, असं लोक म्हणत. अण्णांचा यंत्रावर राग नव्हता. पण विश्वासही नव्हता, आणि तो उधार द्यायची त्यांना सवय नव्हती. सून पेटी घेऊन निघाली की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "तराजूचा काटा मला दिसतो, सूनबाई. तुझ्या यंत्राचा काटा कुठं आहे?"

ताई चिठ्ठी दाखवायची, शून्य दाखवायची, मोजणी दाखवायची. अण्णा मान हलवायचे. एके दिवशी चहा पिता पिता त्यांनी सांगून टाकलं की रिकाम्या तराजूचा काटा मध्ये उभा असतो, त्यात काही विशेष नाही. माल ठेवल्यावर काय होतं ते बघायचं असतं. तुझी माणसं गंमत म्हणून बटणं दाबतात आणि भाजी घेऊन घरी जातात. कुणाला त्या आकड्याचं काही पडलेलंच नसतं. ज्याला पडलेलं असतं तोच नीट मोजतो.

बोलणं ताईला लागलं. दोन दिवस ते तिच्या मनात फिरत राहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिनं बाकाकडं पाहिलं.

गल्ली एका पायावर तयार झाली. छत्रीचं बटण म्हणजे बसथांबा, किटलीचं बटण म्हणजे टपरी. रविवारी वाचनालयाच्या खोलीत मतदान. टपरीवाले मामा, ज्यांचा आवाज गल्लीत सगळ्यांत मोठा आणि संशय त्याहून मोठा, त्यांनी अट घातली की मोजायला यंत्राव्यतिरिक्त आणखी कुणीतरी हवं. अण्णा म्हणाले, मी आहे.

ताई वरवर हसली, पण या रविवारात तिचं स्वतःचंही बरंच अडकलं होतं. पुढच्या महिन्यात कचेरीत एक कायमची जागा भरायची होती आणि यादीत तिचं नाव पहिलं होतं. सहा वर्षं कंत्राटावर काढल्यावर पहिलं नाव काय असतं, हे ज्यानं काढली आहेत त्यालाच ठाऊक. आणि तिचा नवरा बसवर ड्रायव्हर. छत्रीचा कट्टर माणूस. त्याच्याच घरातली बाई मतदान घेणार म्हटल्यावर टपरीवर डोळे मिचकावणं सुरू झालं होतं.

रविवारी सकाळी वाचनालयातली वर्तमानपत्रं दोरीवरून उतरवली, टेबलं भिंतीला लावली. पंखा दर फेरीला टकटक करत होता. ताईनं सगळ्यांदेखत शून्य दाखवलं. दाराशी स्टुलावर अण्णा बसले, मांडीवर सुक्या वाटाण्यांचा डबा, पायाशी काचेची बरणी. आत येणाऱ्याला एक वाटाणा द्यायचा. मत देऊन बाहेर पडताना त्यानं तो बरणीत टाकायचा. मत कुणाला, ते वाटाण्याला ठाऊक नाही. पण माणसं किती आली, ते बरणी सांगणार.

दिवस छान गेला. लोक ठेवणीतले कपडे घालून आले. दोन शेजारणी, ज्या बाकावरून बोलेनाशा झाल्या होत्या, रांगेत मागेपुढे उभ्या राहिल्या आणि अर्ध्या तासात पुन्हा एकमेकींच्या सुनांबद्दल बोलू लागल्या. ताई टेबलावरचं बटण दाबत होती, आडोशामागून आवाज येत होता, चिठ्ठ्या टपटप पडत होत्या. म्हाताऱ्या माणसांना कळेना तेव्हा ती तेवढ्यापुरती उठत होती. बहिऱ्या सुतारकाकांना तिनं आडोशामागं नेऊन दाखवलं. निवृत्त नर्सबाईंचा चष्मा घरी राहिला होता, त्यांना दाखवलं. मामांच्या आईला दाखवलं. आजींना बटण म्हणजे दाराची घंटा वाटली होती, आणि ती न वाजवता त्या कुणीतरी आपणहून उघडेल म्हणून वाट बघत उभ्या होत्या.

पाच वाजता मोजणी. सगळी गल्ली खोलीत, उरलेली खिडकीत. ताईनं निकालाचं बटण दाबलं.

छत्री चौऱ्याहत्तर. किटली बाहत्तर.

थांब्याच्या बाजूनं टाळ्या पडल्या. ड्रायव्हरनं मिशीवरून हात फिरवला. मामांनी एक हात वर केला आणि बरणीकडं बोट दाखवलं. जुन्या वर्तमानपत्रावर बरणी उपडी झाली. मामांनी दहा-दहाचे ढीग लावले, मग अण्णांनी ते मोडून पुन्हा लावले. दोन्ही वेळा वाटाणे एकशेत्रेचाळीस.

आणि यंत्रात एकशेसेहेचाळीस.

मग एकदम बांध फुटला. तीन मतं हवेतून आली का? छत्रीनं पिल्लं घातली का? कुणी म्हणालं वाटाणा कुणीतरी खाल्ला असेल, त्यावर अण्णांनी असं पाहिलं की तो माणूस खिडकीतून दिसेनासा झाला. काचेच्या डब्यातल्या चिठ्ठ्या काढून मोजल्या, त्याही एकशेसेहेचाळीस. चौऱ्याहत्तर आणि बाहत्तर. मामांनी त्यावरही तोंड सोडलं: चिठ्ठी यंत्राच्याच पोटची, ती आईच्या विरुद्ध साक्ष देईल कशाला? जे यंत्र एका बाकासाठी तीन मतं जन्माला घालतं, ते अख्ख्या शहरासाठी किती घालेल, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

लोक हिशोब करू लागले. ताईला तो त्यांच्या चेहऱ्यांवर होताना दिसला, आणि ती फोन घेऊन मागच्या अंगणात आली.

कचेरीतले साहेब मनानं चांगले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, घाबरू नका, तक्रारीचा अर्ज आहे ना पेटीत? त्यात दोन चौकटी आहेत. एक 'यंत्रात दोष', दुसरी 'कर्मचाऱ्याची चूक'. पहिल्या चौकटीत खूण करा, आम्ही यंत्र परत घेतो, दुसरं पाठवतो. गल्ली खूश, तुम्ही खूश. दुसऱ्या चौकटीचं म्हणाल, तर ती ज्याच्या नावावर लागते, त्याचं नाव यादीवरून खाली येतं. एवढं बोलून त्यांनी सहानुभूतीनं फोन ठेवला.

अंगणात नळाखाली बादली भरत होती. ताईनं अर्ज गुडघ्यावर ठेवला. यंत्र काय करतं आणि काय करत नाही, हे तिला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखं ठाऊक होतं. ते मोजतं, एवढंच करतं. टेबलावरून वाट मोकळी केल्याशिवाय ते हूं की चूं करत नाही. मग तीन वेळा जास्तीची वाट कुणी मोकळी केली?

तिनं डोळे मिटले आणि सकाळपासूनचा दिवस बोटांनी पुन्हा चाचपला. सुतारकाका. त्यांना आडोशामागं नेलं, म्हटलं, "हे बघा काका, असं," आणि... बोट टेकवलं. छत्रीवर, कारण छत्री सगळ्यांत वरची. दिवा लागला, आवाज झाला. मग टेबलाशी परत येऊन काकांसाठी पुन्हा बटण दाबलं. नर्सबाई, असं. आजी, असं. चौकाचौकात ती रोज हेच करत आली होती. दाखवायचं म्हणजे एकदा स्वतः दाबायचं. दिवसाला पन्नास छत्र्या दाबल्या असतील तिनं. त्या आजवर कुणी मोजल्या नव्हत्या. आज पहिल्यांदा आकड्याला वजन होतं, आणि तिचं बोट मात्र कालच्याच सवयीत होतं.

बादली भरून वाहू लागली. तिनं उठून नळ बंद केला.

पहिल्या चौकटीत खूण करणं किती सोपं होतं. यंत्र बिचारं काही बोलणार नव्हतं. त्याला घर नव्हतं, सासरा नव्हता, यादीत नाव नव्हतं. पण उद्या टपरीवर चहासोबत ती गोष्ट विकली जाईल, परवा बसमधून शहरभर जाईल, की यंत्रानं तीन मतं घातली, खुद्द कचेरीनं लिहून दिलं. मग तिची ओवी चौकाचौकात खोटी. आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली, तर लोक म्हणणार, ड्रायव्हरच्या बायकोनं छत्रीला हात दिला. नोकरी जाणार ती जाणार, वर तोंडाला काळं.

ती आत आली तेव्हा गलका चालूच होता. तिनं टेबलावर हात ठेवला आणि आवाज न चढवता सांगितलं, "यंत्र बरोबर आहे आणि वाटाणेही बरोबर आहेत. ती तीन मतं माझी आहेत. मी दाखवायला म्हणून दाबली, आणि मोजायची विसरले."

चूक शोधायला निघालेल्या माणसांच्या हातात कुणी ती आयती आणून दिली की ती जरा अवघडतात. मग मामा सावरले. त्यांच्या मते हे कचेरीनं फोनवर पढवलं होतं. यंत्राची अब्रू वाचवायला बाई पुढं केली होती. मागून दुसरा आवाज आला की पढवायला कशाला हवं, घरात छत्री आहेच की. ड्रायव्हरचे कान लाल झाले. त्यानं बायकोकडं पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून मामांची आई बोलली.

"दोनदा वाजलं होतं," आजी म्हणाल्या. "मी तुला दुपारीच सांगितलं. एकदा तिनं दाबलं तेव्हा, एकदा मी दाबलं तेव्हा. तर तू म्हणालास, आई, तुझे कान वाजतात."

खोली हसली. मामा हसले नाहीत, पण त्यांच्या आवाजातली हवा थोडी गेली. नर्सबाईंनीही दुजोरा दिला, त्यांनाही दोनदा ऐकू आलं होतं. त्यांना वाटलं यंत्राची रीतच तशी असावी, डॉक्टरसुद्धा ठोके दोनदा ऐकतात. सुतारकाकांच्या कानाशी ओरडून प्रश्न पोचवावा लागला. त्यांनी आवाज ऐकलेला नव्हता, पण डोळे शाबूत होते. म्हणाले, तिनं दाबल्यावर दिवा लागला, मला वाटलं झालं माझं मत, मी निघालो होतो. तिनंच हाताला धरून परत नेलं. आणि मला द्यायचं होतं किटलीला, असंही ते मोकळेपणानं सांगून बसले, आणि गुप्त मतदानाचं तेवढं राहूनच गेलं.

तीन माणसं, तीन मतं. आकडा जुळला होता. मनं अजून जुळली नव्हती. सगळे अण्णांकडं बघू लागले. अण्णा अजून त्या वर्तमानपत्रासमोरच बसले होते, वाटाण्यांच्या चौदा ढिगांसमोर आणि वर उरलेल्या तीन दाण्यांसमोर. त्यांनी चष्मा काढून पुसला. सुनेची बाजू घेतली तर घरचं माणूस म्हणतील, नाही घेतली तर संध्याकाळी त्याच घरी जेवायचं. पण ताईला माहीत होतं की अण्णांनी यातलं काहीच मनात आणलेलं नाही. ते फक्त वजन करत होते.

"तीस वर्षं मी खोटी मापं पकडली," अण्णा म्हणाले. "गादीखालून काढली, पोत्यातून काढली, एकदा तर पाळण्यातून काढली. स्वतःचं खोटं माप स्वतःच्या हातानं टेबलावर आणून ठेवणारा एकही दुकानदार मला भेटला नाही. आज पहिला भेटला."

मग ते मामांकडं वळून म्हणाले की संशय तुमचा रास्त आहे, तो सोडू नका, पण कामाला लावा. काटा खरा आहे की नाही हे बघायचं, तर काट्याबरोबर तोलणाऱ्याच्या हाताकडंही बघावं लागतं. पुढच्या रविवारी पुन्हा मतदान होऊ दे.

मामांनी हनुवटी खाजवली. म्हणाले, होऊ दे. पण टेबलावर हीच बाई बसेल. नवीन माणूस आला तर त्याची खोड काय आहे ते शोधण्यात माझा जन्म जाईल. हिची आता कळली. आणि हिच्यासमोर खुर्ची टाकून मी बसेन, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. टपरी त्या दिवशी बंद.

टपरी बंद, हे ऐकून मात्र दोन्ही पक्ष हळहळले.

त्या संध्याकाळी ताईनं अर्ज भरला. दुसऱ्या चौकटीत खूण केली, खाली तीन ओळींत सगळं लिहिलं. साहेबांनी फोनवर सुस्कारा टाकला. म्हणाले, ताई, मी तुम्हाला वाट दाखवली होती. ती म्हणाली, दिसली होती, साहेब.

पुढचा रविवार उजाडला आणि वाचनालयाबाहेर रांग वळण घेऊन गेली. गेल्या खेपेला जे बाकासाठी आले नव्हते, ते आता तमाशा बघायला आले आणि आलोच आहोत तर मत देऊन टाकू म्हणाले. ताईसमोर मामा मांडी ठोकून बसले होते, पापणी लवली तर पाप लागेल असे डोळे करून. सुतारकाका आले आणि पुन्हा गोंधळले. ताईनं टेबलावरचं बटण एकदा दाबलं, आडोशाशी आली, आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट गुंफले. आता ओरडून सांगायचं तर सगळ्या खोलीला ऐकू जाणार. मग गाऊनच का नको? तिनं काकांच्या कानाशी तोंड नेऊन चाल धरली:

हात माझे पाठीमागे,
मामा बसले हो जागे,
तुमचं मन जे सांगे
तेच दाबा.

काकांनी दाबलं. एकदाच वाजलं. रांगेनं मान डोलावली, आणि मामांनी कागदावर एक रेघ मारली.

पाच वाजता वाटाणे एकशेएक्कावन्न. यंत्रात एकशेएक्कावन्न. मामांच्या रेघा एकशेएक्कावन्न; त्या त्यांनी तीनदा मोजल्या. किटली ऐंशी, छत्री एकाहत्तर. बाक टपरीचा झाला होता, नऊ मतांनी.

टपरीकडचे लोक नाचायच्या बेतात होते. मामांनी त्यांना थांबवलं. म्हणाले, चिठ्ठ्याही मोजा.

कुणीतरी म्हटलं, मामा, तुम्ही जिंकलात.

"म्हणूनच मोजा," मामा म्हणाले. "उद्या माझ्याकडं कुणी असं बघायला नको, जसं मी तिच्याकडं बघितलं."

चिठ्ठ्या मोजल्या. ऐंशी आणि एकाहत्तर. मग सगळ्यांत आधी ड्रायव्हर उठला. सुतारकाकांच्या दारात जाऊन त्यानं बाकाचं एक टोक उचललं आणि बाकीच्यांना, दुसरं टोक काय आपोआप येणार आहे का, असं विचारलं. साठ पावलं तो कुरकुरत गेला, की माझे प्रवासी आता चहा पीत बसणार आणि बस सुटली की मलाच शिव्या देणार. पण बाक त्यानं सावलीत, अगदी समतल जागा बघून ठेवला, आणि हलवून बघितला, डुगडुगतो का ते.

मंगळवारी कचेरीचा शिपाई पत्र घेऊन आला. भला माणूस होता, पन्नाशीचा, सायकल दारात टेकवताना त्याला वाईट वाटत होतं. निष्काळजीपणाची नोंद, प्रात्यक्षिकाच्या कामातून मुक्त, यादीतलं नाव रद्द. ताईनं पत्र दोनदा वाचलं. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही, आणि नाही दुखलं असंही नाही. सहा वर्षांच्या जागी एक कागद आला की तो हातात हलकाच वाटतो. अण्णा आतून ऐकत होते. त्यांनी रेडिओचा आवाज कमी केला. तिनं पोच म्हणून सही केली आणि पेन परत दिलं.

शिपाई जायचं सोडून तिथंच घुटमळला. मग म्हणाला, आमच्याही गल्लीत बाक आलाय. आमच्याकडं तर तीन पक्ष आहेत. कचेरीतून नवीन मुलगी येणार आहे पेटी घेऊन, चांगली आहे, पण लोकांनी सांगितलंय की तिच्यासमोर बसायला ती बाई आणा.

"माझं नाव यादीतून गेलंय," ताई म्हणाली. "हे पत्र तुम्हीच तर आणलंत."

"यादीतली मुलगी बटण दाबेल," शिपाई म्हणाला. "समोर बसायला यादी लागत नाही. मामा येतो म्हणालेत."

ताईनं पत्राची घडी घातली. आत रेडिओ पूर्ण बंद झाला होता, आणि अण्णांच्या खुर्चीचा पाय सरकल्याचा आवाज आला. ते चपला शोधत असावेत.

"वार कोणता?" तिनं विचारलं.